पंचेचाळीस हजारांची फौज हप्त्यावर घ्यावी का?

प्रश्न: मी लातूरला खासगी शाळेत शिक्षक आहे. हातात ३८ हजार येतात, शिल्लक ६० हजार आहे. वॉरहॅमर ४०,००० या टेबलावर खेळायच्या युद्धखेळाचे छोटे सैनिक जमवून रंगवायची आवड लागली आहे. दोन हजार पॉइंटांची (खेळात फौजेची ताकद पॉइंटांत मोजतात) फौज, रंग, रंगवायची-जोडायची अवजारं मिळून ४५ हजार होतात. कार्डावर १२ हप्ते करून मिळतात. जूनमध्ये औशाला वडिलांना पेरणीसाठी २५ हजार द्यायचे असतात. घेऊ का?

उत्तर: छंद जरूर सुरू करा. फौज आत्ता नको, आणि हप्त्यावर तर नकोच.

१५ टक्के दर धरला तर हप्ता ४,०६२ रुपये बसतो. वर्षाचं व्याज ३,७४०च्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी, शिवाय प्रोसेसिंग फी. जाहिरातीत ‘बिनव्याजी’ लिहिलेलं असलं, तरी व्याजावरचा जीएसटी सहसा आपल्याच बिलात येतो. पेरणीचे २५ हजार गेले की तुमच्याकडे ३५ हजार उरतात, म्हणजे एक पगारही नाही. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीशिवाय घरात येत नाहीत. मधल्या काळात दवाखाना निघाला तर हप्ता कुठून भरणार?

दुसरा हिशेब वेळेचा, आणि तो सहसा कुणी मांडत नाही. फौजेत ४५ सैनिक धरा. नवख्या हाताला एकेक नीट रंगवायला तीन तास लागतात, म्हणजे १३५ तास झाले. शाळा सांभाळून आठवड्याला चार तास काढलेत तरी ३४ आठवडे जातील. आज पैसे मोजून घेतलेले निम्मे सैनिक चार महिन्यांनीही खोक्यातच असतील. शिवाय लातुरात समोर खेळायला कोण आहे? म्हणून दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच खोक्यात असलेला छोट्या चकमकीचा संच घ्या. एका बाजूला सहा ते दहा सैनिक पुरतात आणि घरातल्या कुणालाही समोर खेळायला बसवता येतं.

माझी मर्यादा १० हजारांची. संचाला ५ हजार. निपर (सुटे भाग कापायची छोटी पक्कड), कटर, बारीक कानस आणि प्लॅस्टिक ग्लू मिळून १,४००. आठ-नऊ रंग आणि एक तपकिरी वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग) २,५००. दोन ब्रश ६००. हाताने लावायचा प्रायमर (रंग धरून राहावा म्हणून आधी द्यायचा थर) ५००. परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्युटी टपालखर्च धरून लागते आणि कार्ड परकीय चलनाचा आकार वेगळा घेतं. आधी देशातल्या दुकानाचा भाव बघा.

स्प्रे प्रायमर मुद्दामच धरला नाही. मे महिन्याच्या दुपारी तो सैनिकापर्यंत पोचायच्या आतच वाळतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात दमट हवेने पांढुरका पडतो. चुकला की सैनिक खराब दिसतो आणि मेहनतही वाया जाते. जोडताना साच्याची रेघ कटरच्या पाठीने खरवडून काढा, नाहीतर वॉश तिथेच साचतो आणि रेघ आणखी उठून दिसते. प्लॅस्टिक ग्लू दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. रेझिनच्या सैनिकांवर तो चालत नाही, तिथे सुपरग्लू लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पॅलेटवरचा रंग बघता बघता वाळतो. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज ठेवून वर बेकिंगचा बटर पेपर अंथरा (मेण लावलेला नको), महागडा पॅलेट घ्यायची गरज नाही. बोअरच्या पाण्याने वॉश पातळ केलात तर क्षारांचे पांढरे डाग उमटू शकतात; फिल्टरचं वापरा.

‘नंतर विकता येईल’, ‘ऑर्डरी घेऊन रंगवून देईन’ हे मनात असेल तर हिशेबात धरू नका. सील न फोडलेल्या खोक्याला गिऱ्हाईक मिळतं, हौसेने रंगवलेल्याला निम्मे पैसेही येतील याची खात्री नाही.

आता क्रम. पेरणीचे २५ हजार आजच वेगळ्या खात्यात टाका. १० हजार शिलकीतून न काढता पाच महिने दर महिन्याला दोन-दोन हजार बाजूला टाकून जमवा. तोवर नियम वाचा. काही चकमकींच्या खेळांचे मूळ नियम फुकट मिळतात. पुढचा संच पहिल्या संचातला शेवटचा सैनिक रंगवून झाल्यावरच, आणि तोही असेच पैसे साठवून.