आजोबांचा गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या टपाल तिकिटांचा अल्बम हाती आला आहे. त्यामागचा इतिहास कसा जपावा आणि इतरांपर्यंत कसा पोहोचवावा?

सगळ्यात आधी, अल्बम 'नीट लावायच्या' भानगडीत पडू नका. आजोबांनी तिकिटं ज्या क्रमाने लावली, तो क्रमही इतिहासच आहे. प्रत्येक पानाचा आहे तसा फोटो काढा, रिकाम्या चौकटींसकट. कडेला पेन्सिलीने कुणाचं नाव, अदलाबदलीचा हिशेब असं काही खरडलेलं असेल तर ते तिकिटापेक्षा मोलाचं. पोर्तुगीज भारताची पहिली तिकिटं १ ऑक्टोबर १८७१ला निघाली, आधी किंमत रेईस या चलनात होती, पुढे टांगा हे नाणंही आलं, १९५९मध्ये जुन्याच तिकिटांवर एस्कुदो-सेंताव्ह या नव्या चलनातली किंमत छापली, हे कुठल्याही कॅटलॉगात सापडेल. म्हापशातल्या एखाद्या कारकुनाने ती कशी जमवली, हे मात्र तिथे मिळणार नाही.

पाकिटांवरची तिकिटं पाण्यात भिजवून काढू नका, ही तर हात जोडून विनंती. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. भारतीय तिकिटं वापरात आली २९ डिसेंबरला, पण जुनीही ५ जानेवारी १९६२पर्यंत चालत होती. त्या आठवड्यातलं एखादं पाकीट निघालं तर पत्ता, शिक्का, तारीख सगळं मिळून ती साक्ष आहे. तिकीट सोडवलं की साक्ष गेली.

आपल्या पावसाळ्यात मागचा डिंक दमटपणाने ओलसर होतो आणि तिकीट पानाला चिकटून बसतं. अल्बम उभे ठेवा, कपाटात सिलिका जेल (ओलावा शोषणाऱ्या पुड्या) ठेवून ते बदलत राहा, पीव्हीसीच्या पिशव्या टाळा.

आजोबांचे जुने सोबती हयात असतील तर हे काम पुढच्या चतुर्थीवर ढकलू नका. 'तुम्ही तिकिटं कशी जमवायचात?' असं विचारलं तर दोन वाक्यांत आटपतात. अल्बमचं पान पुढे ठेवून 'हे कुणाकडून आलं?' म्हणा, मग चहा गार होईपर्यंत थांबत नाहीत. मोबाईलवर रेकॉर्ड करा. कोंकणीत बोलले तर कोंकणीतच राहू द्या, मराठी सारांश वेगळा लिहा.

फोटो आणि आठवणी एकत्र करून एक प्रत पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात घेतात का ते विचारा. पत्रांमधले हयात माणसांचे पत्ते तेवढे झाका. आणि अल्बम विकायचं ठरलंच, तर व्यापाऱ्याला दाखवण्याआधी हे सगळं उरका. तो चांगली तिकिटं निवडून घेतो आणि बाकीची पानं तुमच्या हातात देतो.