वाचकांचे प्रश्न : स्पोर्ट्‌स कारचा एअर फिल्टर आणि मराठवाड्याची धूळ

प्रश्न : मी २०१५ सालची, दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची ऑडी टीटी पुण्याहून सेकंडहँड घेतली आहे. गाडी बहुतेक वेळ लातूर शहरात आणि सोलापूर रस्त्याला चालते. मात्र औसा तालुक्यातील आमच्या गावी जाताना शेवटचा टप्पा कच्चा आणि फुफाट्याचा आहे. मित्रांचा आग्रह आहे की मूळ कागदी एअर फिल्टर काढून तेल लावलेला कापडी फिल्टर घालावा, किंवा फिल्टरची पेटीच काढून बोनेटखाली शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवावा. त्याने पंधरा-वीस अश्वशक्ती वाढते असे ते सांगतात. हा खर्च करावा का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : उघडा शंकू बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेटीत मूळच्या जागी नेमका बसणारा कापडी फिल्टर घेण्यास हरकत नाही, परंतु आपण सांगितलेला रस्ता लक्षात घेता मी तोही घेणार नाही. कारणे जरा विस्ताराने सांगतो, कारण हा प्रश्न अलीकडे अनेकांकडून येतो.

आपल्या इंजिनाची क्षमता १९८४ सीसी आहे. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरते, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांवर ते सुमारे ६००० लिटर हवा घेईल. टर्बोने, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याने, दाब वातावरणाच्या दुप्पट केला असे धरले तर हा आकडा १२,००० लिटरच्या आसपास जातो. दहा बाय दहाच्या खोलीतली सगळी हवा अडीच मिनिटांच्या आत संपवण्याएवढी ही भूक आहे, आणि ती पाहूनच कारखान्यातील अभियंते फिल्टरच्या कागदाला इतक्या घड्या घालतात की लहानशा चौकटीत बरेच मोठे क्षेत्रफळ मावते. स्वच्छ कागदी फिल्टर हवेला अडवतो, पण फारच थोडा. याची खात्री करून घेण्याचा सोपा मार्ग असा की डायनोवर, म्हणजे शक्तिमापन यंत्रावर, गाडी एकदा मूळ नव्या फिल्टरसह आणि एकदा फिल्टर पूर्ण काढून मोजावी. फिल्टर मुळीच नसताना जेवढी वाढ दिसेल, त्याहून अधिक वाढ जगातला कोणताही फिल्टर देऊ शकत नाही. ही कमाल मर्यादा एकदा कागदावर पाहिली की पंधरा-वीस अश्वशक्तीची गोष्ट आपोआप बाजूला पडते. (हा प्रयोग यंत्रावरच करावा, रस्त्यावर फिल्टरशिवाय एक किलोमीटरही गाडी चालवू नये.)

त्यातही फिल्टरचा अडथळा जाणवतो तो केवळ अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना. शहरात आपण पेडल अर्धवट दाबून गाडी चालवतो, तेव्हा थ्रॉटलची झडप स्वतःच हवा अडवत असते आणि तिच्यापुढे फिल्टरचा अडथळा नगण्य ठरतो. शिवाय टर्बो गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठरलेला दाब गाठण्याचा प्रयत्न करतो. फिल्टर थोडा अधिक अडवू लागला तर टर्बो थोडा अधिक फिरून ती तूट बहुतांशी भरून काढतो. ज्यांनी ईसीयू रीमॅप करून, म्हणजे त्यातील मूळ मांडणी बदलून, दाब बराच वाढवला आहे आणि टर्बो त्याच्या मर्यादेजवळ चालतो आहे, त्यांच्यासाठी मोठा इनटेक, म्हणजे हवा आत घेण्याचा मार्ग, उपयोगी पडू शकतो. आपली गाडी मूळ अवस्थेत आहे असे मी गृहीत धरतो.

उघड्या शंकूचा मोठा दोष उष्णता हा आहे. हवेचे तापमान दर तीन अंशांनी वाढले की तिची घनता सुमारे एक टक्क्याने घटते. मे महिन्यात बाहेरची हवा ४० अंश असेल आणि बोनेटखालची ६५ अंश, तर तोच शंकू सात टक्क्यांहून अधिक विरळ हवा आत घेतो. इंटरकूलर, म्हणजे टर्बोनंतर हवा थंड करणारी जाळी, यातील बरीच उष्णता काढून टाकतो हे खरे, पण जी उष्णता मूळ पेटी आत येऊच देत नव्हती ती विकत घेऊन पुन्हा काढत बसण्यात शहाणपण नाही. शंकू बसवल्यावर वेग घेताना जो सुस्कारा आणि फुत्कार ऐकू येतो, तो ऐकून गाडी जलद झाली असे वाटते, आणि माझ्या अनुभवात ‘पिकअप वाढला’ या तक्रारविरहित प्रशस्तीपत्रामागे पुष्कळदा हा आवाजच असतो.

आता धूळ. काळ्या मातीचा चिकण भाग मऊ असतो, परंतु रस्त्यावरचा मुरूम आणि खडी क्रशरची भुकटी ही बेसॉल्ट खडकाची असते आणि त्यातील फेल्डस्पार व पायरॉक्सीन ही खनिजे कठिणतेच्या मोह्‌स मापनावर सहाच्या आसपास येतात; वाळूतील क्वार्ट्‌झ तर सातवर आहे. आपल्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा (कास्ट आयर्नचा) आहे आणि बीड याहून मऊ आहे. सर्वाधिक नुकसान करतात ते डोळ्यांना न दिसणारे, साधारण ५ ते २० मायक्रॉनचे कण, कारण पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामधील तेलाच्या पातळ थरात ते नेमके अडकतात आणि दोन्ही पृष्ठभाग घासत राहतात. टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत असते, त्याच्या पात्यांच्या कडाही अशा कणांनी झिजतात. म्हणून फिल्टर घेताना ‘हवा किती जाते’ याआधी ‘धूळ किती अडते’ हे विचारावे. यासाठी आयएसओ ५०११ ही चाचणी आहे, आणि तिचे आकडे विक्रेत्याकडे मागावेत. एकाची गाळणक्षमता ९९ टक्के आणि दुसऱ्याची ९८ टक्के असेल तर फरक एकाचा दिसतो, परंतु इंजिनात जाणारी धूळ दुप्पट झालेली असते. चांगला कागदी फिल्टर सामान्यतः ९९ टक्क्यांच्या वर असतो. तेल लावलेले कापडी फिल्टर बहुधा त्याच्या थोडे खाली राहतात. शर्यतीच्या गाडीला हे चालते, कारण तिचे इंजिन एरवीही वारंवार उघडून नवे केले जाते. आपल्याला तेच इंजिन अनेक वर्षे वापरायचे आहे.

आपल्या जागी मी मूळ प्रतीचा कागदी फिल्टर घेईन, पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या साधारण निम्म्यावर तो बदलीन, आणि उरलेले पैसे चांगल्या टायरांवर खर्च करीन. सोयाबीनच्या मळणीचा हंगाम आणि ऊसवाहतुकीचे महिने संपले की फिल्टर एकदा अवश्य पाहावा.

प्रश्न : आमच्याकडील मेकॅनिक प्रत्येक सर्व्हिसिंगला फिल्टर काढून कॉम्प्रेसरची हवा मारतात आणि पुन्हा बसवतात. असे करणे योग्य आहे का?
— एक वाचक, जालना

उत्तर : कागदी फिल्टरच्या बाबतीत नाही. गॅरेजमधील कॉम्प्रेसरचा दाब कागदाच्या मानाने फार असतो. जवळून सोडलेली हवा तंतू फाडते आणि त्या सूक्ष्म भोकांतून पुढे धूळ बिनदिक्कत जाते, जरी फिल्टर दिसायला स्वच्छ झालेला असला तरी. याशिवाय एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही : थोडा वापरलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा चांगले गाळतो, कारण कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळणीचे काम करू लागतो. तो थर दर महिन्याला उडवून दिला तर फायद्याऐवजी तोटा होतो, आणि पेटी उघडताना पडणारी धूळ वेगळीच. आपल्या शेतकऱ्यांना जुन्या ट्रॅक्टरचा ऑइल बाथ क्लीनर, म्हणजे हवेतील धूळ तेलात पकडणारा फिल्टर, माहीत असतो. त्यातील तेल गढूळ झाले की बदलायचे असते, हे तिथे कोणाला शिकवावे लागत नाही. कारच्या फिल्टरलाही तीच शिस्त लावावी : साफ करण्याऐवजी बदलावा.

पेटी उघडलीच तर एक तपासणी जरूर करावी. फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला जो पाइप जातो, त्याच्या आतून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर मातकट डाग आला तर फिल्टर कोणत्याही प्रतीचा असो, धूळ कडेने जाते आहे. चौकटीचे रबर दबलेले असणे, पेटीची एखादी क्लिप तुटलेली असणे किंवा फिल्टर किंचित तिरका बसलेला असणे ही याची नेहमीची कारणे आहेत.

प्रश्न : माझ्या गाडीत कापडी फिल्टर आहे. तो धुऊन, भरपूर तेल लावून बसवल्यानंतर काही दिवसांतच इंजिनाचा दिवा लागला. दोन्हींचा संबंध असेल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : असण्याची शक्यता मोठी आहे. ज्या गाड्यांत फिल्टरनंतर हवेचे वस्तुमान मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो, त्यात एक तापवलेली बारीक तार किंवा पट्टी असते आणि ती किती थंड होते यावरून ईसीयू हवा मोजतो. जास्तीचे तेल उडून त्या तारेवर बसले की मोजणी चुकते आणि पेट्रोलचे प्रमाण बिघडते. आधी स्कॅनर लावून दिव्याचा कोड पाहावा. सेन्सरचाच कोड असेल तर त्याच कामासाठी मिळणारा क्लीनर स्प्रे वापरावा, तारेला बोट किंवा ब्रश लावू नये आणि पूर्ण वाळल्याशिवाय सेन्सर बसवू नये. फिल्टर धुताना पाणी स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे, कमी दाबाने सोडावे, सावलीत वाळू द्यावा, आणि फिल्टरच्या कंपनीचेच तेल प्रत्येक घडीवर बेताने लावून ते सगळीकडे झिरपेपर्यंत थांबावे. इंजिन ऑइल लावू नये.

प्रश्न : चांगल्या एअर फिल्टरने अॅव्हरेज वाढते का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत काही प्रमाणात वाढत असे. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीयू मोजलेल्या हवेप्रमाणेच पेट्रोल देतो, त्यामुळे नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली केलेल्या चाचण्यांत तुंबलेल्या फिल्टरने अशा गाड्यांच्या इंधनखर्चावर लक्षणीय परिणाम झाला नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र कमी झाली.

प्रश्न : बंपरमागे खाली नेलेला कोल्ड एअर इनटेक बसवला आहे. पावसाळ्यात काही धोका आहे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : उष्णतेच्या दृष्टीने हा इनटेक उघड्या शंकूपेक्षा चांगला, पण पाण्याच्या दृष्टीने अधिक धोक्याचा. पावसाच्या सरींनी सहसा काही होत नाही. मात्र भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात फिल्टर बुडला तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढते, आणि पाणी दबत नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. पावसाळ्याचे चार महिने मूळ पेटी परत बसवून ठेवावी, हे उत्तम. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्ट करण्याचा प्रयत्न करू नये. गाडी ढकलून किंवा टोइंग करून बाहेर काढावी, फिल्टर ओला आहे का ते पाहावे, आणि ओला असल्यास स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधील पाणी बाहेर काढल्याशिवाय किल्ली फिरवू नये.