छप्पर कापण्याआधी दारं लावून बघा

प्रश्न: माझ्याकडे एक जुनी स्टेशन वॅगन (छप्पर पार मागच्या दारापर्यंत गेलेली लांब कार) पडून आहे, इंजिन ठणठणीत आहे पण मागच्या सीटवर आता कुणी बसत नाही, आणि मला माती, विटा, बागेतला पालापाचोळा असलं काहीबाही न्यायला छोटा पिकअप पाहिजे. ग्राइंडर आहे, मिग वेल्डिंग मशीन आहे, वेल्डिंग बऱ्यापैकी येतं. पुढच्या सीटच्या मागून छप्पर कापायचं आणि मागे हौदा करायचा एवढाच प्लॅन आहे. दोन वीकेंडमध्ये होईल ना?

उत्तर: दोन वीकेंडमध्ये कापून होईल हो, पिकअप नाही होणार. आणि "एवढाच प्लॅन" हे वाचून मला माझीच पहिली गाडी आठवली, कारण मी पण असंच म्हणालो होतो. दुपारपर्यंत छप्पर खाली उतरवलं, लांब उभं राहून बघितलं, जाम खूश झालो, आणि संध्याकाळी गाडी झाकायला गेलो तर ड्रायव्हरचं दार लागेना. सकाळी टक्कन लागणारं दार. गाडी मधोमध खाली बसली होती, जेमतेम काही मिलिमीटर, पण दाराला तेवढं पुरतं.

झालं काय ते सांगतो. चपलांचं खोकं झाकणासकट हातात धरून पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. तुमची वॅगन म्हणजे झाकण लावलेलं खोकं आहे. बहुतेक वॅगन मोनोकॉक असतात, म्हणजे खाली ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. खालचे सिल (दारांखालून लांबीने जाणाऱ्या पोकळ पट्ट्या), फ्लोअर, पिलर (छप्पर धरणारे उभे खांब) आणि छप्पर सगळे मिळून भार उचलतात. आपल्याला वाटतं छप्पर पावसापुरतं असतं, तसं नाहीये. ते निम्मं कापलं की सगळा भार सिलवर येतो, आणि जुन्या गाडीत नेमकं सिलच गंजलेलं असतं. म्हणून कटर हातात घ्यायच्या आधी गाडीखाली झोपा आणि स्क्रू ड्रायव्हरने सिल टोचून बघा. आरपार गेला तर आधी सिल, मग पिकअप. (तुमच्याकडे जुनी मोठी अमेरिकन वॅगन असेल, ब्युइक रोडमास्टर वगैरे, तर नशीबवान आहात, तिला 1996 पर्यंत खाली वेगळी फ्रेम होती.)

आता क्रम. सगळ्यात आधी गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करा, घोडे (गाडी टेकवायचे स्टँड) लावायचेच असतील तर सस्पेन्शनच्या खाली लावा, बॉडीच्या मधोमध नको. दारं चौकटीत व्यवस्थित बसलेली असतानाच आतून चौकोनी पाइप टाकून दोन्ही बी-पिलर (पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधले खांब) एकमेकांना जोडा, दाराच्या चौकटीत पण तिरपा पाइप टाका. हे टेम्पररी आहे, पण शेवटचा टाका पडेपर्यंत काढायचं नाही. प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून मास्किंग टेपवर लिहून गाडीलाच चिकटवा, आणि प्रत्येक मोठ्या कटनंतर परत मोजा. आकडा हलला की थांबा, जॅकने उचलून जागेवर आणा, मगच पुढे. दारं रोज लावून बघायची, यापेक्षा स्वस्त मोजमाप नाही.

बी-पिलरला हात लावू नका, सीट बेल्टचा वरचा बोल्ट तिथेच असतो. कट त्याच्या मागून घ्या, आणि छप्पर अगदी बी-पिलरला टेकून न कापता एक वीत जास्त ठेवा, जास्तीचं नंतर कापता येतं. केबिनची मागची भिंत मात्र नुसता पत्रा ठोकून चालणार नाही. ती खालून फ्लोअरला, बाजूने पिलरला आणि वरून छपराला सलग जोडलेली पाहिजे, कारण छपराचं गेलेलं काम आता तिने करायचंय. मागची दारं पण वेल्ड करून बंद करा आणि त्यांच्या आतून सिलपासून वरपर्यंत बॉक्स पाइप घ्या.

फ्लोअर कापू नका. मागच्या सीटची पाय ठेवायची खोलगट जागा तशीच राहू द्या आणि वरून प्लाय किंवा चेकर्ड प्लेटचं सपाट फ्लोअर बोल्टने बसवा, खाली जॅक-पान्यांना मस्त कप्पा होतो. हा जुगाड वाटत असेल तर ऐका, 1959 च्या शेव्हरले एल कॅमिनोत (कारवरूनच बनवलेला अमेरिकन पिकअप) कंपनीने हेच केलं होतं. वरचा पत्रा 26 बोल्टने बसवलेला, आणि खाली ब्रुकवूड वॅगनचं फ्लोअर, पाय ठेवायच्या खड्ड्यांसकट.

प्रश्न: दादा, कापताना आग लागायची भीती वाटते. टाकी रिकामी केली की झालं ना?

उत्तर: उलट. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त वाईट, आत पेट्रोलची वाफ असते आणि हवा असते, ठिणगी तेवढी बाहेरून यायची बाकी. टाकी, नळ्या, फिलरची मान सगळं काढून लांब, दुसऱ्या जागी ठेवायचं. छपराचं अस्तर, कार्पेट, फोम, खालचं डांबरी पॅडिंग काढा, नाहीतर आतल्या आत धुमसत राहतं आणि तुम्ही जेवायला गेलात की पेटतं. काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथून हलू नका. वायरिंग मागे कुठून जातंय ते आधी शोधा, मागच्या काचेच्या हीटरच्या आणि वरच्या ब्रेक लाइटच्या वायरी बऱ्याचदा छपरातून आणि मागच्या पिलरमधून जातात. बॅटरी काढा, अल्टरनेटर आणि कॉम्प्युटरचे प्लग पण.

एक गोष्ट अजून, आणि इथे खरंच मस्करी नाही. गाडीला पडद्यासारख्या साइड एअरबॅग असतील तर त्यांचे गॅसचे सिलिंडर छपराच्या कडेत किंवा मागच्या पिलरमध्ये असतात. त्यावर ब्लेड गेलं तर काय होईल ते सांगायची गरज नाही. सीट बेल्ट ओढणाऱ्या यंत्रातही स्फोटक दारू भरलेली असते. हे माहीत असलेल्या माणसाकडून काढून घ्या, किंवा एअरबॅग नसलेली जुनी गाडी निवडा, मी दुसराच पर्याय घेईन. जस्ताचा थर असलेला पत्रा वेल्ड करताना धूर श्वासात गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो, तेव्हा जोडाजवळचं जस्त घासून काढा, दार उघडं ठेवा, मास्क लावा. आणि पातळ पत्र्यावर सलग लाइन ओढू नका, वेल्डचा एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये गार होऊ द्या, नाहीतर पत्र्याचा पापड होतो.

प्रश्न: मागचे स्प्रिंग जाड टाकले तर एक टन माल नेता येईल का?

उत्तर: नाही. स्प्रिंग जाड केल्याने गाडी खाली बसायची थांबते, ब्रेक, टायर, अॅक्सल, बेअरिंग आहेत तेच राहतात. गाडीवरच्या कंपनीच्या प्लेटवर मालासकट जे एकूण वजन लिहिलंय तीच हद्द. समजा तिथे 1900 किलो आहे आणि तुमची तयार गाडी 1400 भरली, तर उरले 500, त्यात तुम्ही, शेजारी बसलेला आणि डिझेल-पेट्रोल पण आलं. म्हणून काम झाल्यावर गाडी वजनकाट्यावर न्याच, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी तोला. पाइप घालता घालता माणूस छपरात वाचवलेलं वजन कधी परत भरतो कळत नाही.

माल मागच्या अॅक्सलच्या वर किंवा थोडा पुढे येऊ द्या, फाळक्याजवळ विटा रचल्या तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगतं. आणि रिकामी असताना उलटा त्रास, मागचा भाग आता हलका झाला म्हणून ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. काही गाड्यांना मागच्या अॅक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो, वजन बघून प्रेशर कमीजास्त करणारा. स्प्रिंग बदलले की त्याचा हिशोब चुकतो, तो परत सेट करून घ्या.

प्रश्न: हे सगळं वेड कुणी सुरू केलं?

उत्तर: ऑस्ट्रेलियात 1932 साली एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहिलं, की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी द्या. ल्यू बँट नावाच्या तरुण डिझायनरने ती आखली, 1934 ला आली, तीच 'यूट', पुढे कार आणि मागे हौदा. अमेरिकेत फोर्डने 1957 ला रँचेरो काढली, ती तर वॅगनवरूनच. घरगुती मंडळींमध्ये स्वीडन पुढे, तिथे 15 वर्षांची पोरं जुन्या व्होल्वो कापून हौदा लावतात, ताशी 30 किलोमीटरची मर्यादा घालून कायद्याने ती गाडी ट्रॅक्टर ठरते. तुमच्याकडे कायदा काय म्हणतो ते नोंदणी ऑफिसला आणि विमावाल्यांना आधी विचारा, लेखी. कापलेलं छप्पर परत लावता येत नाही.

प्रश्न: वॅगनचं मागचं दार भंगारात देऊ?

उत्तर: अजिबात नको! त्यातच तुमचं अर्धं काम आहे. दाराचा वरचा काचेचा भाग चौकटीसकट पुढे सरकवा आणि केबिनच्या मागच्या भिंतीत बसवा, रुंदी थोडी जुळवावी लागते पण ही काच टफन्ड असते, कापायला गेलात तर साबुदाणा होईल, म्हणून चौकट कापा, काच नाही, आणि चौकट वेल्ड करताना काच काढून ठेवा. खालच्या अर्ध्या भागाचा फाळका होतो. मूळ बिजागऱ्या वर होत्या, आता त्या खाली येणार, म्हणून नव्या जाड बिजागऱ्या, दोन्ही बाजूंना साखळी, आणि दोन्ही कडांना लॉक पाहिजे कारण मधलं एकटं लॉक सगळा माल रोखायला बनवलेलं नाही. केबिनची भिंत सीलंटने पूर्ण बंद करा, वायरींच्या भोकांसकट, नाहीतर सायलेन्सरचा धूर हौद्यातून गोल फिरून आत येतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हौद्याच्या चारही कोपऱ्यांत पाणी जायला भोकं ठेवा आणि त्या भोकांच्या कडांना पण प्राइमर लावा, मी विसरलो होतो, दोन पावसाळ्यांत कोपरे हातात आले.