मज्जातंतू तुटल्यावर तो कॅल्शियममुळे नष्ट होतो, मग कॅल्शियमच्या गोळ्या बंद कराव्यात का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या मनगटापाशी काच लागून मज्जातंतू पूर्ण तुटला, तो शिवलाय, आणि हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या आधीपासून चालू आहेत. कॅल्शियम तुटलेल्या तंतूचा नाश करतं असं कुठेतरी वाचल्यापासून तुम्हाला त्या गोळ्यांची धास्ती वाटतेय. आधी एवढंच सांगते: या कारणासाठी गोळ्या बंद करू नका. तुम्ही वाचलं ते खोटं नाही, पण त्याचा गोळीशी संबंध नाही.

मी प्रयोगशाळेत चेतापेशींवर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मज्जातंतू म्हणजे हजारो ॲक्सॉनची जुडी. ॲक्सॉन हा चेतापेशीचा लांबलचक धागा. मनगटातल्या धाग्याची मूळ पेशी पार पाठीच्या कण्याजवळ असते. या धाग्याबाहेर मुक्त कॅल्शियम लिटरमागे साधारण 1 मिलिमोलपेक्षा थोडं जास्त असतं आणि आत जवळपास 0.0001 मिलिमोल. म्हणजे दहा हजार पटींचा फरक! तो टिकवायला धाग्याच्या आवरणातले पंप अहोरात्र चालू असतात आणि त्यांना सतत ऊर्जा लागते. गोळीने रक्तातलं कॅल्शियम फारसं हलत नाही, कारण पॅराथायरॉइडचं संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व ते आवाक्यात ठेवतात. थोडंफार हललं तरी काय? बाहेर आधीच दहा हजार पट साठा आहे. ते आत शिरू द्यायचं की नाही, हे ठरतं आवरणावर आणि पंपांवर.

धागा तुटला की कापलेल्या तोंडातून कॅल्शियम लगेच आत घुसतं आणि कॅल्पेन नावाची विकरं जागी होतात. ही विकरं प्रथिनं कापतात. धाग्याला आतून आधार देणारे न्यूरोफिलामेंट हे त्यांचं मुख्य लक्ष्य. 2005 मध्ये जिवंत उंदरांच्या मज्जारज्जूत हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं: कापल्यानंतर अर्ध्या तासात दोन्ही टोकं काही शे मायक्रॉन विरून जातात आणि तिथे थांबतात. थांबतात, कारण तोंड परत बंद होतं. आणि ते बंद व्हायलाही कॅल्शियमच लागतं.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो. बशीत वाढवलेले ॲक्सॉन कापले की पेशीपासून तुटलेला भाग कित्येक तास अगदी गुळगुळीत, धडधाकट दिसतो. मग त्यावर मण्यांसारख्या गाठी येतात, आणि त्यानंतर थोड्याच वेळात सगळ्या धाग्याचे एकदम तुकडे होतात. कॅल्शियम दाखवणारा चमकता रंग घातलेला असेल तर तुकडे पडण्याच्या सुमारास धागा उजळलेला दिसतो. द्रवातलं कॅल्शियम काढून घेतलं तर हे तुकडे पडणं बरंच लांबतं. 1970 च्या दशकापासून हे माहीत आहे.

मग मधले तास काय चाललेलं असतं? ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंत ही झीज पहिल्यांदा नोंदवली, म्हणून तिला त्यांचं नाव आहे. पुढे बराच काळ समज असा होता की मूळ पेशीकडून रसद थांबल्यामुळे तुटका भाग उपासमारीने मरतो. 1989 मध्ये असे उंदीर नोंदवले गेले की ज्यांचे तुटलेले ॲक्सॉन दीड-दोन दिवसांऐवजी दोन-तीन आठवडे टिकले. म्हणजे मरण्याची पद्धत धाग्यातच आखलेली असते. आज माहीत असलेला क्रम असा: एनएमनॅट-2 हे अल्पायुषी विकर मूळ पेशीकडून सतत यावं लागतं. ते संपलं की सार्म-1 हे प्रथिन चेततं आणि ऊर्जानिर्मितीला लागणारा एनएडी हा रेणू नष्ट करतं. ऊर्जा संपली की पंप बंद, कॅल्शियम आत, कॅल्पेन जागं. कॅल्शियम या साखळीच्या शेवटाकडे येतं, पण धागा प्रत्यक्ष मोडतो तो त्याच्या हातून.

दवाखान्यातही हा विलंब दिसतो. इजेनंतर पहिले काही दिवस तुटलेल्या जागेच्या पुढे विजेचा झटका दिला तर स्नायू हलतो, कारण पुढचा तुकडा अजून जिवंत असतो. साधारण आठवड्याभरात तो प्रतिसाद जातो. संवेदनेचा प्रतिसाद आणखी थोडे दिवस टिकतो. म्हणूनच मज्जातंतूच्या तपासण्या फार लवकर केल्या तर फसवतात आणि डॉक्टर बहुधा तीनेक आठवडे थांबायला सांगतात.

वडिलांच्या बाबतीत ही झीज थांबवावी असं मला मुळीच वाटत नाही. जुने धागे मोडले, श्वान पेशींनी (धाग्यांना वेढून आधार देणाऱ्या पेशी) आणि मॅक्रोफेजनी (कचरा गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) तो कचरा उचलला, की नव्या धाग्यांना वाट मिळते. वर सांगितलेल्या उंदरांत तुटका भाग टिकून राहिल्याने नवी वाढ उलट रेंगाळली. शिवाय मूळ पेशीकडच्या बाजूला हेच कॅल्शियम कामाचं आहे: त्याची लाट उलटी पेशीपर्यंत जाते आणि दुरुस्ती सुरू करण्याचा निरोप देते. सार्म-1 अडवणाऱ्या औषधांवर संशोधन चालू आहे, पण मला त्याची आशा वाटते ती हळूहळू तंतू झिजवणाऱ्या आजारांसाठी.

वाढीचा वेग दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, त्यामुळे मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत पोचायला निदान सहा महिने धरा. तोवर बधिर बोटांना चटका किंवा जखम झालेली कळणार नाही. तिथे रोज डोळ्यांनी बघा. हाताचे व्यायाम सांगितलेत तसे चालू ठेवा. आणि पुढच्या भेटीत सर्जनना टिनेलची खूण बघायला सांगा. मज्जातंतूच्या वाटेवर बोटाने हलकं ठोकलं की जिथे झिणझिण्या येतात, साधारण तिथवर नवे धागे पोचलेले असतात. ती जागा दर भेटीला लिहून ठेवा, म्हणजे ती पुढे सरकतेय का हे तुम्हालाच कळेल.