आधी वार लिही

प्रिय मुली,

आजी-आजोबा राहिले त्या गावावर तू लिहिलेली पंचवीस पानं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. 'मुळं' हा शब्द अकरा वेळा आला आहे, 'ओळख' नऊ वेळा, आणि मंगळवार एकदाही नाही. इंग्लंडात लेस्टरजवळच्या मार्केट हार्बरोवर पंचवीस पानं आणि त्यात मंगळवार नाही! अगं, त्या गावात बाजार असल्याची नोंद 1204 सालची आहे आणि 1221 पासून तो मंगळवारी भरत आला आहे. तुझी आजी पुण्याच्या शुक्रवार पेठेतली, मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. वारावरून पेठा ओळखणारी माणसं आपण.

तू विचारतेस, "आमच्या घरी काही घडलंच नाही. आजोबा हॉस्पिटलात, आजी घरात, सुट्टीला लेस्टर. मग लिहू काय?" आणि काही घडलं नाही म्हणून तू ती जागा हुरहुरीने भरलीस. हे मला ओळखीचं आहे, म्हणूनच जरा रागाने लिहिते आहे. समजून घे.

वार लिही. आधी वार, मग भावना.

का, ते सांगते. मी 1969 च्या नोव्हेंबरात त्या गावात पाय ठेवला. पुढे इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकात मी त्यावर लेख लिहिला, लोकांना फार आवडला. 'ओसाड रस्त्याने माझं स्वागत केलं' अशी सुरुवात. धुकं, बंद दुकानं, कुठे चिटपाखरू नाही, आणि कोट घातलेली बावीस वर्षांची मी. छापून आल्यावर ह्यांनी वाचला आणि म्हणाले, "पण आपण मंगळवारी आलो होतो."

मंगळवारी! म्हणजे मेंढ्यांच्या गाड्या, चिखलाच्या बुटांतले शेतकरी, गाडी लावायला जागा नाही. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे एका भाजीवाल्याने माझ्या हातावर सफरचंद ठेवलं आणि मी ते पदरात बांधलं. मी म्हटलं, शक्य नाही, रविवार होता. तेव्हा रविवारी दुकानं कायद्यानेच बंद असत, तो कायदा 1994 मध्ये सैल झाला. गाव ओसाड होतं म्हणजे रविवारच. ते म्हणाले मंगळवार. हा वाद आमच्यात सव्वीस वर्षं चालला, आणि ते गेले.

मी खोटं लिहिलं नव्हतं. मला रस्ता ओसाड वाटला होता, आणि वाटलेलं लिहिण्याचा हक्क मला आहे, हे मी आजही म्हणेन. पण रविवार असेल तर त्या लेखात एक गाव आहे, आणि मंगळवार असेल तर भरल्या बाजारात काहीही न दिसलेली एक मुलगी आहे. दुसरा लेख किती बरा झाला असता! तो मला लिहिता आला नाही, कारण वार माहीत नव्हता.

आणि वार कळला असता. ह्यांच्या हिशेबाच्या वह्या होत्या. पहिल्या आठवड्यापासूनच्या. 'मंगळ. बटाटे 5 पौंड, गाजर, अंडी 1 डझन.' (पौंड वजनाचे की पैशाचे, ते संदर्भाने घ्यायचं.) 1998 मध्ये घर लहान केलं तेव्हा मी त्या वह्या स्वतःच्या हाताने स्किपमध्ये, म्हणजे दारात आणून ठेवलेल्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यात, टाकल्या. माळ्यावर ओल होती, कागदाला बुरशी आली होती, मुलगा म्हणत होता की आई, संध्याकाळी स्किप घेऊन जाणार आहेत. शिवाय बटाट्यांचे हिशेब कोण जपून ठेवतं? पत्रं मात्र ठेवली. बावन्न पत्रं, सगळ्यांत 'तुझी फार आठवण येते'. तुझ्या आजीकडेही असा गठ्ठा असेल. तो नंतर बघ. आधी किराण्याची चिठ्ठी शोध, बसचं तिकीट शोध, कॅलेंडर शोध, ज्यावर दुधाचे खाडे मांडले आहेत.

आता मला वारासकट आठवणारी एक गोष्ट सांगते, म्हणजे फरक कळेल.

15 फेब्रुवारी 1971, सोमवार. त्या दिवशी इंग्लंडचं नाणं बदललं. 240 पेन्सांचा पौंड 100 नव्या पेन्सांचा झाला, शिलिंगचे झाले 5. दुसऱ्या दिवशी मंगळवार, म्हणजे नव्या पैशांचा आमचा पहिला बाजार. काही पाट्या जुन्या, काही नव्या, काहींवर दोन्ही. म्हाताऱ्या बायका तळहातावर चिल्लर पसरून उभ्या, आणि प्रत्येकीला वाटतंय की आपल्याला फसवतायत. माझी शेजारीणही त्यांत. सहा पेनीचं नाणं अजून चालतं, पण ते आता अडीच नवे पेन्स, हे तिच्या गळी काही केल्या उतरेना.

आणि मी? मी हे सगळं दहाव्या वर्षी करून बसले होते! 1957 च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे नवे पैसे आले तेव्हा आईने मला पाठ करायला लावलं होतं: एक आणा सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. तीन आण्यांना एकोणीस का, अठरा का नाही, म्हणून मी वाण्याशी भांडले होते. तर त्या मंगळवारी मी शेजारणीच्या हातातली चिल्लर मोजून दिली, मग तिच्या मागच्या बाईची, मग तिच्याही मागच्या बाईची. माझं इंग्रजी तोवर 'थँक यू'च्या फार पुढे गेलं नव्हतं. आकडे मात्र चोख होते. फ्लॉवर घ्यायला गेलेली मी तासाभराने घरी आले.

दिवाळी अंकातल्या लेखात हे नाही. कारण ह्यात हुरहूर नव्हती. बघ, कसली मूर्ख मी.

ती शेजारीण सिमिंग्टनच्या कॉर्सेट कारखान्यात होती, म्हणजे बायकांच्या कंबर आवळणाऱ्या आतल्या कपड्यांच्या. चाळीस वर्षं. लिबर्टी बॉडिस म्हणून लहान मुलांचा एक उबदार, मऊ अंगरखा 1908 पासून ते लोक करत, इंग्लंडातली किती पोरं त्यात वाढली. तिने आयुष्यभर बटणं लावली, एवढंच मला माहीत आहे. दिवसाला किती लावायची, बोटांचं काय व्हायचं, पगार कोणत्या वारी मिळायचा, मी विचारलं नाही. आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण होतं आणि अठ्ठावीस वर्षं होती. त्या सिमिंग्टन घराण्यातला दुसरा भाऊ वाटाण्याचं पीठ करून विकायचा, हे तिनेच सांगितलं होतं, तेव्हा भेटीला आलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे पिठलंच की." मी भाषांतर केलं आणि शेजारीण खूप हसली. एवढं आहे माझ्याकडे. कारखान्याच्या इमारतीत आता कौन्सिलची कचेरी आहे, वाचनालय आहे, संग्रहालय आहे. तिथे मी जाते. काचेआड अंगरखा आहे, बटणांसकट.

तू म्हणशील, मावशी स्वतःचंच रडगाणं गाते आहे. गाते आहेच. पण ते गाव असं आहे की न विचारता तिथे आयुष्य आरामात निघून जातं. गावाच्या मधोमध सेंट डायोनिशियसचं चर्च, भोवती एकही थडगं नाही. मी तिथून रोज जायचे. ते मुळात दुसऱ्या चर्चच्या हाताखालचं, आणि दफन सेंट मेरी इन आर्डेनला होत असे, हे मला कळायला तीस वर्षं लागली, कारण थडगी का नाहीत हे मला खटकलंच नाही.

चार्ल्स राजा, त्याची नेसबीची लढाई, पर्यटन कंपनीवाला थॉमस कुक ह्यांवरची तुझी पाच पानं काढून टाक. त्यांची काळजी घ्यायला माणसं आहेत. तुझ्या आजीच्या मंगळवाराला तुझ्याशिवाय कोणी नाही, आणि ती 84 वर्षांची आहे. "तुला तिथे कसं वाटायचं?" असं तिला विचारू नकोस. ती "छान वाटायचं" म्हणेल आणि चहा टाकेल. "मंगळवारी पहिलं कोणाकडे जायचीस?" असं विचार. "पिशवी कोण उचलायचं?" विचार. मग गप्प बस. तुला गप्प बसता येत नाही, हे मी फोनवर पाहिलं आहे.

आता तो फोटो. जुन्या शाळेच्या लाकडी खांबांपाशी आजी उभी आहे, निळा कोट, खाली साडीची कड. ती शाळा 1614 ची, वर वर्ग आणि खाली मोकळं, लोणी विकणाऱ्यांना नि बाजारकरूंना पावसात आडोसा मिळावा म्हणून. फोटोखाली तू लिहिलंस, 'परक्या गावात एकटी आजी'.

एकटी कशावरून? फोटो कोणी काढला? तुझ्या आजोबांना आठवड्यातल्या कुठल्या दिवशी सुट्टी असायची? आणि उजव्या कडेला, चौकटीत अर्धीच आलेली, कोणाच्या तरी हातातली एक टोपली आहे, तिच्यातून फ्लॉवरची पानं बाहेर आली आहेत. भिंग घेऊन पाहा. ती माझी नव्हे. माझ्या टोपलीला हिरवी दांडी होती. फोटो उलटा कर, मागे काही लिहिलंय का बघ, आणि आजीला विचारून मला कळव.

तुझी,
मावशी