मिसळ सोडू का?

प्रश्न: वय ४६, वजन ७८ किलो. रात्रीचं जेवण सोडलं, तरी काटा हलत नाही. दिवसाला पाच कप चहा, रविवारी मिसळ. मिसळ सोडू का? – एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: ताई, मिसळ राहू दे! आधी चहा बघा. कपाला दोन चमचे म्हणजे दिवसाला सुमारे ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. मिसळीत मटकी वाढवा, कट बेतानं घ्या, तिसरा पाव नको. पांढरा रस्सा दिसतो गरीब, पण त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस असते, एकच वाटी. रात्री उपाशी न राहता आठच्या आत भाकरी-भाजी खा. रंकाळ्यावर रोज अर्धा तास झपाझप चाला. येताना भेळेच्या गाड्यापाशी मात्र थांबू नका; मी थांबायचे, म्हणून सांगते.