चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची

प्रश्न : जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात १९२०च्या दशकातली एक उघडी बेंटली पाहिली. तिच्या बॉडीला पत्र्याऐवजी कापड होते. एवढ्या महागड्या गाडीला कापड लावण्यामागे काटकसर होती की दुसरे काही कारण? – एक वाचक, सातारा

उत्तर : काटकसर होती, पण ती पैशांची नव्हे, वजनाची. त्या काळी बेंटली किंवा रोल्स-रॉइस कंपनी इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांसह नुसती चासी विकत असे आणि बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून, म्हणजे बार्कर, हूपर, व्हँडन प्लास यांसारख्या पेढ्यांकडून बांधून घेई. आपल्याकडे ट्रकची चासी घेऊन बॉडी दुसरीकडे बांधतात, तशातलाच हा प्रकार. यात अडचण अशी, की गाडी चढावर धापा टाकू लागली की नाव खराब व्हायचे ते चासीवाल्याचे. वजन मात्र दुसऱ्याच्या हातात.

याचा सर्वाधिक जाच बेंटली कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना झाला असावा. १९१३ च्या सुमारास डीएफपी या फ्रेंच गाडीत ॲल्युमिनियमचे हलके पिस्टन बसवून त्यांनी नाव कमावले होते. त्यांच्या ३ लिटर गाडीवर मात्र गिऱ्हाइके चार दारांच्या, जाड काचांच्या बंदिस्त बॉड्या चढवू लागली. यावर उपाय म्हणून १९२६ मध्ये साडेसहा लिटरचे आणि १९३० मध्ये ७,९८३ सीसीचे इंजिन आले. रोल्स-रॉइसनेही तेच केले : १९२२ च्या ‘ट्वेंटी’चे ३.१ लिटर इंजिन भारदस्त बॉड्यांखाली अपुरे पडू लागल्यावर १९२९ मध्ये ३.७ लिटरचे आणले. इंजिन वाढले की चासी, ब्रेक आणि टायरही वाढतात, त्यामुळे हा उपाय म्हणजे मला तरी दुखण्याला बगल देणेच वाटते.

दुखण्याचे मूळ चासीच्या लवचीकपणात होते. खड्ड्यातून जाताना तिचे दोन लांब दांडे पिळवटत आणि त्यांवर घट्ट बसवलेला बॉडीचा, ॲश झाडाच्या लाकडाचा सांगाडाही त्यांच्याबरोबर पिळला जाई. मग सांधे कुरकुरत, दारे अडकत, कोपऱ्यांत रंगाला तडे जात. त्यावर कारागीर लाकूड जाड करी, लोखंडी पट्ट्या मारी, आणि प्रत्येक दुरुस्तीनिशी गाडी आणखी जड होई.

चार्ल्स वेमन या वैमानिकाने (१९११ ची गॉर्डन बेनेट विमानशर्यत जिंकणारा हाच) उलट विचार केला. चासी पिळणारच असेल, तर बॉडीलाही तिच्याबरोबर पिळू द्यावे. त्याच्या सांगाड्यात लाकडाचा तुकडा दुसऱ्या तुकड्याला टेकतच नाही. मध्ये बारीकशी फट ठेवून दोन्ही तुकडे पोलादी पट्ट्यांनी बोल्ट लावून जोडलेले असतात. लाकडावर लाकूड घासलेच नाही, तर कुरकुरणार काय? वर गरजेपुरते अस्तर आणि त्यावर ताणून बसवलेले चामड्यासारखे लेपदार कापड. मालकाच्या परवानगीने अशा दारावर बोटाने टिचकी मारून पाहावी. पत्र्याची टणटण न येता गादीच्या खुर्चीसारखा बद्द आवाज येतो.

ही पद्धत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच मागे पडली. ऊन-पावसाने कापड विटे, त्याला रंगवलेल्या पत्र्याची चकाकी येत नसे, आणि पुढे आलेले गोलाईदार आकार त्यात नीट साधत नसत. वेमनच्या परवान्यावर बॉड्या बांधणाऱ्या मिलानच्या तूरिंग पेढीने पुढे बारीक पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा बसवण्याची ‘सुपरलेजेरा’ पद्धत काढली, म्हणजे अक्षरशः ‘अतिहलकी’.

आपण पाहिलेल्या गाडीविषयी एक सावधगिरीची सूचना. कापड दिसले म्हणून ती बॉडी वेमन पद्धतीचीच असेल असे नाही. काही पेढ्या साध्या लाकडी सांगाड्यावरही कापड चढवीत. शिवाय बेंटलीच्या अनेक जड, बंदिस्त बॉड्या नंतरच्या मालकांनी काढून टाकल्या आणि त्या जागी फ्रान्समधल्या ल मांच्या मोटारशर्यतीतल्या गाड्यांसारख्या हलक्या, उघड्या बॉड्या बसवल्या. डब्ल्यू. ओ. यांना जे वजन गिऱ्हाइकांकडून कमी करून घेता आले नाही, ते असे कित्येक वर्षांनी उतरले. तेव्हा पुढच्या वेळी मालकाला चासी क्रमांक विचारून तिच्यावर मूळ बॉडी कोणती होती, एवढे जरूर पाहून घ्यावे.